सराईतला पिवळा उजेड

४ फेब्रुवारी

आज हंगामातलं पहिलं लग्न होतं, आणि सराईचा मालक, माझा मित्र खांब्या, याने सांगून टाकलं की हा शेवटचा हंगाम. सराई विकतोय.

वहीत लिहायची मला सवय नाही. पण हे हिच्याशी बोललो तर ती माझीच चूक काढेल, आणि न बोललो तर पोट फुगेल. म्हणून लिहितो.

सांगितलं कसं, तर उजेड बघायला उभा असताना. माझी पद्धत अशी की पाहुणे यायच्या आधी वधू-वर जिथे उभे राहणार तिथे खांब्याला उभं करायचं आणि एक फोटो काढायचा. मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघत रंग कमी-जास्त करायचा, जरा निळ्याकडे, जरा पिवळ्याकडे, त्याचा चेहरा त्याच्यासारखा दिसेपर्यंत. त्याचा चेहरा मला पाठ आहे. तो जमला की सगळं जमतं. वधूचा पांढरा पोशाख पांढरा येतो, फुलं फुलांसारखी येतात. शिकलेले फोटोग्राफर यासाठी राखाडी पुठ्ठा वापरतात म्हणे. माझा पुठ्ठा दोन पायांवर चालतो आणि शिव्या देतो. नुसता उभा राहतो म्हणून मी त्याला खांब्या म्हणतो, आणि सारखा उजेड-उजेड करतो म्हणून तो मला उजेड्या. आमची खरी नावं आता फक्त टपालवाल्याला ठाऊक.

"उजेड्या, पुढच्या वर्षी दुसरा खांब बघ," तो म्हणाला.

"का? तुला वाळवी लागली?"

"सराई विकतोय. मोठी हॉटेलं चालवणारे कोणी आहेत, ते घेतायत."

मला वाटलं थट्टा आहे. म्हटलं, "मग मला काय भावात विकलंस? मीही इथलाच माल आहे." तो हसला नाही. म्हणाला, "जिना चढवत नाही रे आता."

"मग खालच्या खोलीत राहा! जिना चढवत नाही म्हणून कोणी घर विकतं का?"

तेवढ्यात वधूपक्षाच्या गाड्या आल्या आणि तो तोंडभर हसत दाराशी गेला.

ती सराई, वाटसरूंच्या मुक्कामाला बांधलेली, त्याच्या पणजोबांच्याही आधीची. भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या आहेत अजून. मी सायकली दुरुस्त करायचो. एका लग्नाला ठरलेला फोटोग्राफर आलाच नाही. माझ्याकडे एक जुना कॅमेरा आहे आणि मी त्याच्याशी खेळतो, हे खांब्याला ठाऊक होतं. धावत दुकानात आला नि म्हणाला, "पंक्चर टाक बाजूला आणि चल." हात काळे होते तसाच गेलो. तेव्हापासून त्या दालनात किती जोडपी उभी केली त्याची गणती नाही. दुसरीकडे बोलावणी आली तरी माझा जीव तिथेच रमतो. आणि हा शहाणा म्हणतो, विकतोय.

आज फोटो बरे आलेत की नाही ते बघायचंही मन नाही.

११ फेब्रुवारी

आज दुसरं लग्न. दालनात नवे दिवे लावलेत. चांगले जुने दिवे होते ते काढून हे कुठले तरी कमी विजेचे. विकायचीच आहे तर दिवे कशाला बदलतोस, असं विचारलं तर म्हणतो, "घेणाऱ्यांनी सांगितलं." आता घेणारे सांगणार नि हा ऐकणार.

दिव्यांनी आज माझा घाम काढला. खांब्याला उभं केलं, फोटो काढला, तर चेहरा पिवळा. रंग निळ्याकडे नेला, तरी पिवळा. आणखी नेला. शेवटी बराच निळा ओतला तेव्हा कुठे चेहरा ताळ्यावर आला.

"कसले रद्दड दिवे आणलेस रे!"

"तुला सगळंच नवं रद्दड वाटतं," तो म्हणाला आणि दंड खाजवायला लागला. हल्ली सारखा खाजवतो. चादरी धुवायला नवीन साबण आणलाय, तो बाधलाय म्हणतो. त्यात आता तपकिरी काचांचा चष्मा लावतो, घरातसुद्धा. म्हातारपणी शौक सुचलाय. मी म्हटलं, "नवरदेव तू आहेस की तो?" यावर मात्र हसला.

त्याची थोरली बहीण, जिला सगळे आत्या म्हणतात, ती स्वयंपाकघरातून डोकावली आणि माझ्यावर खेकसली. "किती वेळ उभं करशील त्याला? बसू दे की!"

इतक्या वर्षांत आत्या असं कधी बोलली नव्हती. सराई जाणार म्हणून तीही चिडचिडी झाली असणार. तिचा तरी काय दोष, तिचा जन्म त्या चुलीपुढे गेला.

१५ फेब्रुवारी

लॅबवाल्याने फोटो बघितले आणि हसत सुटला. म्हणतो, "काका, लग्न होतं की पुरातून काढलेली माणसं? सगळी गारठून निळी पडलीत."

खरंच तसं होतं. वधूच्या ओठांना जांभळी झाक. पोशाख आभाळी. तिची आई तर असं भूत दिसत होती की विचारायची सोय नाही.

लॅबवाला म्हणाला, "कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, तसं तुमचं झालं की काय? पिवळं दिसलं म्हणून तुम्ही निळं ओतत बसलात."

थट्टेत म्हणाला. त्याने बसून सगळे फोटो दुरुस्त करून दिले, गुणी पोरगा आहे. पण माझ्या मनात ते बसलं. पडद्यावर मला तर रंग बरोबर दिसला होता. मी डोळ्यांनी बघून केलं होतं. मग डोळेच गेले असतील तर? फोटोग्राफरचे डोळे गेले म्हणजे शिंप्याचे हात गेले.

हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. परवापर्यंत दिवे वाईट होते, आज डोळे."

१६ फेब्रुवारी

डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने पापण्या ओढून बघितलं, जीभ बघितली, नखं बघितली. कावीळ नाही. डोळ्यांच्या डॉक्टरनेही रंगांच्या ठिपक्यांचं पुस्तक दाखवून आकडे वाचायला लावले. सगळे वाचले. म्हणाला, "या वयात असे डोळे नशिबाने मिळतात."

म्हणजे मी ठीक आहे. मग दिवेच.

१८ फेब्रुवारी

आज खांब्याशी भांडण झालं.

घरून जुने दिवे नेले. आमच्या माळ्यावर होते, त्यानेच एकदा टाकायला दिलेले. शिडी लावली आणि दालनातले नवे दिवे काढून जुने बसवायला लागलो. खांब्या खाली खुर्चीवर बसून बघत होता. पूर्वी शिडी धरायचा. आज म्हणाला, "तुला हवे ते दिवे लाव."

त्या बोलण्याने माझं डोकं फिरलं. भांडला असता तर बरं वाटलं असतं. जणू काही त्याचं त्या दालनाशी काही उरलंच नाही.

मी शिडीवरूनच म्हटलं, "तुला काहीच वाटत नाही का रे? वाडवडिलांनी राखलेलं आहे हे."

"वाटतं."

"मग विकतोस कशाला? पोरीला विचारलंस?"

"पोरगी परक्या गावात नोकरी करते, तिथेच घर करणार. तिच्या गळ्यात हा दगडांचा ढीग बांधू?"

"तू आहेस ना अजून! तू चालव! हातपाय धड आहेत, आणि कंटाळा आला म्हणून पळतोस. पळपुटा आहेस तू."

तो मग उठला, खुर्चीच्या पाठीला धरून जरा थांबला, आणि म्हणाला, "दिवे लावून झाले की बटण बंद कर." आणि खालच्या खोलीत निघून गेला.

दिवे तसेच अर्धे ठेवून घरी आलो. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं असेल. पण मी चुकीचं काय बोललो?

ही म्हणाली, "त्यांना कधी विचारलंत का, कसे आहात म्हणून?"

मी म्हटलं, "रोज तर भेटतो."

"ते मी विचारलं नाही," म्हणाली आणि आत गेली.

२५ फेब्रुवारी

आठवडा झाला, मी सराईकडे फिरकलो नाही. तोही आला नाही.

आज त्याच्या मुलीचा फोन आला. ती चिमणीएवढी असताना मी तिला सायकलच्या दांडीवर बसवून फिरवलंय, म्हणून माझ्यासाठी ती चिमणीच.

"काका, बातमी! नऊ मार्चला लग्न करतोय. सराईतच. घरातलीच माणसं, थोडे मित्र."

"एवढ्या घाईने? तुमचं तर पुढच्या वर्षी ठरलं होतं."

"बाबांनी हट्ट धरला. सराई विकायच्या आधी माझं लग्न तिथे व्हायला हवं म्हणतात. मलाही पटलं. बाबा बरे आहेत ना काका? फोनवर दमल्यासारखे वाटतात."

"विकण्याचं टेन्शन घेतलंय, दुसरं काय. खमके आहेत तुझे बाबा."

"फोटो तुम्हीच काढणार ना?"

मी हो-नाही केलं. फोन ठेवल्यावर राग उफाळला. म्हणजे सह्या लवकर उरकायच्यात म्हणून पोरीचं लग्नही ओढून आणलं. पोटच्या पोरीचं लग्नसुद्धा व्यवहारात बसवायचं! या माणसाला मी इतकी वर्षं ओळखतो असं समजत होतो.

मी जाणार नाही. शहरात शिकलेले फोटोग्राफर भरपूर आहेत. त्यांच्याकडे राखाडी पुठ्ठेही असतात.

२७ फेब्रुवारी

आज आत्या घरी आली. ती सराईबाहेर पडलेली मी क्वचित बघितलीय. दारात उभी, हाताला पिठाचा वास, चप्पल बहुतेक भावाचीच घातलेली.

"बसा आत्या."

"बसायला नाही आले. तू नऊ तारखेला येणार नाहीस, असं हिने सांगितलं बाजारात."

मी हिच्याकडे बघितलं. ही खिडकीबाहेर बघत होती.

"आत्या, त्याला माझी गरज कुठे आहे? घेणाऱ्यांना विचारा, ते सांगतील कोणाला बोलवायचं."

"टोमणे मारू नकोस. मोठा झालास ना आता?" आत्या माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, त्यामुळे हे ऐकून घ्यावं लागतं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू आला नाहीस तर तो उभाच राहणार नाही बघ. त्या दिवशी त्याने उभं राहायला हवं."

"म्हणजे?"

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. "म्हणजे काही नाही. शपथ घातलीय त्याने मला. ये तू. भांड हवं तर, पण ये."

गेल्यावर ही मला म्हणाली, "जा तुम्ही."

कसली शपथ असेल? मला वाटतं सौद्यात काहीतरी गडबड आहे. घेणाऱ्यांनी त्याला फसवलं असणार आणि आता सांगायला लाज वाटत असणार. तसं असेल तर मात्र मला जायलाच हवं. भांडण वेगळं, आणि मित्र खड्ड्यात पडताना काठावर उभं राहणं वेगळं.

८ मार्च

चिमणी आली. जावई उंच, अबोल, चांगला वाटला. आल्या आल्या खुर्च्या उचलायला लागला, त्यावरून म्हणतो.

खांब्या म्हणाला, "आलास?" मी म्हटलं, "आलो." एवढंच. चष्मा तोच. अंगातला कोट कोणा थोरल्या भावाचा घातल्यासारखा लोंबतोय.

चिमणी म्हणाली, "बाबा, किती बारीक झालात!" तो म्हणाला, "लग्नात बापाने बारीकच व्हायचं असतं." सगळे हसले. आत्या तेवढी आत निघून गेली.

१० मार्च, सकाळी

काल लिहायला बसलो नाही. आज लिहितो.

लग्न अंगणात होतं. दिव्यांचा प्रश्नच नव्हता, स्वच्छ ऊन होतं. डॉक्टर काहीही म्हणाले तरी डोळ्यांवरचा आणि हातांवरचा विश्वास उडाल्यामुळे मी ठरवलं होतं की रंगाला हात लावायचा नाही. कॅमेऱ्यात उन्हाची खूण असते, तिच्यावर ठेवायचं आणि विसरायचं. तरी सवयीने खांब्याला कमानीखाली उभं केलं. आत्या टेबलांवर घालायच्या पांढऱ्या चादरी घेऊन चालली होती. त्याने तिच्या हातातून दोन-चार घेतल्या आणि तशाच दंडावर टाकून उभा राहिला.

"चष्मा काढ," मी म्हटलं. "लग्नात काय चष्मा लावून उभा राहणार आहेस?"

तो जरा थांबला. मग काढला.

फोटो काढला. पडद्यावर बघितलं. मागची भिंत भिंतीच्या रंगाची. चादरी पांढऱ्याशुभ्र. कमानीवरची पानं हिरवी. आणि त्यांच्यामध्ये त्याचा चेहरा पिवळा. डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा पिवळा.

मान वर केली आणि पडदा सोडून त्याच्याकडे बघितलं. तिथेही तोच रंग होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दिवे तपासले, कॅमेरा तपासला, माझी जीभ आणि नखं डॉक्टरला दाखवून आलो. तो रोज माझ्यापुढे उभा होता.

"कळलं?" तो म्हणाला.

मी कॅमेरा खाली घेतला.

"पोटातलं आहे. आतलं. दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे तेच म्हणाले. कापून उपयोग नाही." ठरवून पाठ केल्यासारखं बोलला. "पोरीला ठाऊक नाही. उद्या-परवा सांगेन. आज नाही. आज तिने नुसतं नाचायचं. तू तोंड वाकडं करू नकोस."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू असाच बघत बसला असतास, आता बघतोयस तसा. आत्या बघते, डॉक्टर बघतो. तू आपला शिव्या देत बटणं फिरवायचास, आणि त्या पडद्यावर दर वेळी मला बरा करून दाखवायचास. मला आवडायचं ते."

मी म्हटलं, "मी तुला पळपुटा म्हणालो."

"म्हणालास. बरं वाटलं. आजारी माणसाला कोणी असं बोलत नाही." आणि मग त्याने जे मागितलं ते लिहितो. "फोटोत मला नीट दाखव उजेड्या. तिने पुढे कधीही हे फोटो बघितले तरी त्यात तिला दुखणं दिसायला नको. तिच्या लग्नात ते पाहुणं नको."

बोलणं सोपं होतं. त्याच्या चेहऱ्यावर रंग जमवावा तर शेजारी वधू निळी पडणार, ते मी एकदा भोगलं होतं. वधूच्या चेहऱ्यावर जमवावा तर हा उन्हात ठेवलेल्या पिवळ्या फुलासारखा उठून दिसणार. एका चौकटीत बाप-लेक मावत नव्हते.

विधी झाले, शब्द दिले-घेतले गेले. खांब्या बाजूला उभा राहील असं बघत मी फोटो काढत होतो. जेवणाच्या वेळी तो सावलीत, मग वेलीआड. घरच्यांचा मोठा फोटो राहिला होता. चिमणी दोनदा म्हणाली, "काका, आता काढूया ना? बाबा दमतील." मी दोनदा काहीतरी सबब सांगितली. मला काय करायचं होतं ते तोवर सुचलं होतं.

सराईच्या पश्चिमेला लाकडी गॅलरी आहे. दिवस उतरताना तिथे ऊन आडवं येतं आणि काही वेळ सगळं मधात बुडवल्यासारखं होतं. त्या उन्हात काळं-गोरं, तरणं-म्हातारं, सगळे एकाच रंगाचे. शिकला-सवरलेला फोटोग्राफर त्यातला पिवळेपणा काढून टाकेल. मी तो राहू दिला. सगळ्यांना तिथे नेलं. खांब्याला मधे बसवलं, एका बाजूला पोरगी, दुसरीकडे जावई, मागे आत्या. पडद्यावर बघितलं. सगळेच पिवळे. कोण आजारी आहे ते आता देवालाही सांगता आलं नसतं.

खांब्याने पडदा बघितला आणि माझा हात दाबला.

तो फोटो माझ्या हातून आजवर निघालेल्या सगळ्यांत चांगला आहे. हे लिहितानाही मला तसंच वाटतंय. घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि माझ्याआधी तिलाच रडू आलं.

१४ मार्च

चिमणी घरी आली होती. एकटी. हातात पाकीट. लॅबवाल्याने फोटो तिच्याकडे पोहोचवले होते.

बापाने तिला काल सांगितलं.

मी "बस" म्हटलं, ती बसली नाही. गॅलरीतला फोटो काढून टेबलावर ठेवला.

"काका, मी त्या सराईत वाढलेय. तिथे ऊन कधी येतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही मुद्दाम थांबवलंत ना आम्हाला?"

खोटं बोलता आलं नाही. "तुझ्या बाबांची इच्छा होती. तुझा दिवस बिघडू नये म्हणून."

"माझा दिवस होता ना? मग त्यात काय आहे ते मला कळायला नको होतं? मी काय केलं असतं, लग्न मोडलं असतं? दिवसभर त्यांच्याजवळ बसले असते!" तिचा आवाज फुटला. "बाकीच्या फोटोंत बघा मी कुठे बघतेय. मित्रांकडे, कॅमेऱ्याकडे, माझ्या बांगडीकडे. त्यांच्याकडे एकदाही नाही. ते वेलीआड उभे होते आणि मी नाचत होते. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला आंधळं केलंत."

मी म्हटलं, "मीही आंधळाच होतो गं. त्या दिवशी सकाळपर्यंत."

"सकाळनंतर तर नव्हतात?"

 ती फोटो तिथेच टाकून गेली. हिने तो उचलून कपाटात ठेवला. मला काहीच बोलली नाही, त्यावरून कळलं की तिलाही पोरीचं पटलंय.

मी चांगलंच करायला गेलो होतो. खांब्याने मागितलं आणि मी दिलं. मित्राला नाही कसं म्हणायचं? पण पोरीकडून मी एक दिवस काढून घेतला, आणि तो आता कुठल्या दुकानात मिळणार?

१५ मार्च

गेलो नाही. जायची लाज वाटते.

१७ मार्च

चिमणीने स्वतःच फोन केला. "कॅमेरा घेऊन या. दुपारी, ऊन डोक्यावर असताना." बास, एवढंच.

खांब्या खालच्या खोलीत पलंगावर. पाठीला उशा. चार-पाच दिवसांत आणखी खालावलाय. चिमणीने कामावरून रजा घेतलीय, जावई आत आत्याला मदत करत होता, भांड्यांचा आवाज येत होता. मी दारात उभा.

"ये, उभा काय राहतोस?" खांब्या म्हणाला. "खांब मी आहे."

चिमणी म्हणाली, "काका, बाबांचा आणि माझा फोटो काढा. आहेत तसा. रंगात काही करायचं नाही."

"अगं, नको," खांब्या म्हणाला. "पिवळाजर्द येईन मी. सांग की हिला उजेड्या. काय ते लक्षात ठेवायचं?"

दोघे माझ्याकडे बघायला लागले. नऊ तारखेला मी त्याचं ऐकलं होतं. मला त्याचंच ऐकायची सवय आहे. गप्प राहिलो तरी चाललं असतं, दोघांनी आपापसांत मिटवलं असतं.

मी म्हटलं, "खांब्या, या वेळी मी पोरीचं ऐकणार."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फितूर झालास."

"झालो."

"बरं. मग चादर तरी नीट करा. मळकी दिसेल."

चिमणी हसली आणि डोळे पुसले, दोन्ही एकदम. चादर ओढून सरळ केली, त्याच्या शेजारी पलंगावर बसली आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला. मी खिडकी पूर्ण उघडली. पांढऱ्या चादरीवर रंग बसवला आणि मग कशालाही हात लावला नाही. म्हटलं, "माझ्याकडे बघू नका." चिमणी बापाकडे बघत होती. बाप आधी माझ्याकडे, मग खिडकीकडे, आणि शेवटी तिच्याकडे. तिने बघून घेतलं पुरतं, मानेपासून डोळ्यांपर्यंत, घाई न करता. मी एकच फोटो काढला.

पडदा त्याच्यापुढे धरला. बराच वेळ बघितला त्याने.

"हा कोण रे म्हातारा?"

"तूच."

"बराच गेलाय." मग म्हणाला, "पोरगी चांगली आलीय. हातही चांगले आलेत." आणि कॅमेरा चिमणीकडे दिला.

फोटोत तिचा हात तिच्या रंगाचा आहे, त्याचा त्याच्या. कुठला कोणाचा ते लांबूनही कळतं.

निघताना चिमणी दारापर्यंत आली. अजून राग आहे, तो जायला वेळ लागेल, पण म्हणाली, "काका, उद्या याल? दुपारी मी जरा झोपते तेव्हा बाबांजवळ कोणी हवं असतं."

सराईच्या सह्या पुढच्या आठवड्यात आहेत. खांब्या सांगत होता आणि मी ऐकून घेतलं. सराईसाठी भांडायला माझ्याकडे आता वेळ नाही.

उद्या जायचंय. कॅमेरा नेणार नाही.